आत बसलं की गाडी दिसत नाही

येमुलकाकांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्यांच्या दारात गाडी होती. आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं, कारण गाडी विजयाकाकू चालवायच्या. नवल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. काका त्या गाडीत बसतही नसत.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा माझी सोलापूरला नुकतीच बदली झाली होती. मी विम्याच्या कचेरीत. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं परत जायचा. मधले दिवस मी एकटीच. आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सकाळी कचेरीला निघाले, तर माझ्या नव्या लाल गाडीसमोर एक उंच, वाळकुडे गृहस्थ उकिडवे बसलेले. पांढरा बुशशर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला. मला वाटलं, चाकातली हवा गेली.

"काय झालं काका?"

त्यांनी मान वर केली नाही. "ही कुणावर रागावलीय?"

"कोण?"

"ही की. डोळे बारीक केलेत, ओठ दाबलेत. सगळ्या नव्या गाड्या असल्याच. समोरनं आल्या की वाटतं, मी काय केलं हिचं?" मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "उशीर होत नसंल तर हिकडं या. आमची बघा."

उशीर होत होता, तरी मी गेले.

त्यांच्या अंगणात पत्र्याखाली जुनी ॲम्बॅसिडर उभी होती. अगदी पहिल्या काळातली, सायीच्या रंगाची. काका ज्या चादरीच्या कारखान्यात होते, तिथल्या मालकांनी ती काढायची ठरवली तेव्हा काकांनी मागून घेतली होती. ॲम्बॅसिडर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कलेक्टर, खिडक्यांचे पडदे आणि सलाम ठोकणारा शिपाई यायचा. तिला सुंदर म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

"दिव्यांवर भुवया हायत, दिसल्या? आता बॉनेटवर या. हितं पन्हळ हाय, तितंबी हाय. पाणी कुटं जाईल ते सांगावं लागत न्हाई." मग त्यांनी एक बोट पुढं केलं. पत्र्याला न लावता, वीतभर अंतरावरून, पुढच्या दिव्यापासून मागं हवेत एक रेघ ओढत ते चालू लागले. दाराच्या मुठीपाशी रेघ किंचित उतरली, मागच्या चाकावर पुन्हा चढली आणि शेपटीशी हळूच थांबली.

"कुटं तुटली का?"

"नाही."

"तुटत न्हाई," ते म्हणाले, आणि मला तिथंच सोडून घरात गेले. ओळख वगैरे काही नाही. त्यांचं नाव मला त्या दिवशी संध्याकाळी काकूंकडून कळलं.

सत्यनारायण येमुल. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि मनात काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही, असं काकू म्हणायच्या. कारखान्यात चादरीवरची नक्षी कागदावर उतरवायचं काम त्यांनी जन्मभर केलं. चौकटीचौकटीचा कागद, एक चौकट म्हणजे एक धागा. मोर असो, कमळ असो, ताजमहाल असो, सगळं चौकटी भरून काढायचं. एकदा त्यांनी मला आपलीच एक चादर अंथरून दाखवली.

"मोराची मान बघा."

"छान आहे की."

"वाकून बघा. जवळनं."

वाकून पाहिलं तर मान म्हणजे नुसत्या पायऱ्या होत्या. बारीक बारीक पायऱ्या, एक वर, एक आडवी.

"लांबनं मान वाटती. पण मला माहीत हाय ना, त्या पायऱ्या हायत. आयुष्यभर पायऱ्याच काढल्या. बाक म्हणून एकबी काढता आला न्हाई." चादर घडी करत ते अंगणाकडं बघत म्हणाले, "तिच्यात बघा. एक पायरी सापडली तर सांगा मला."

त्यांना गाडीतलं सगळं कळत असेल असं मला वाटायचं. तसं काहीच नव्हतं. बॉनेटच्या आत काय आहे, याची त्यांना माहिती नव्हती आणि उत्सुकताही नव्हती. गाडीचं काम बघायला हुसेनभाई यायचे. अशोक चौकात त्यांचं गॅरेज. ते बॉनेट उघडून डोकं धरायचे. "काका, पानी पूरा सुक गया ना! तुमे क्या करते? नुस्ता बाहरसे देखते?" काका मान हलवायचे. बॉनेट उघडं असेपर्यंत ते गाडीकडे बघतही नसत. तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाकडं बघू नये, तसं. बॉनेट बंद झाल्याचा आवाज आला की मग वळायचे.

रविवार सकाळचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काही उलगडाच झाला नाही. अक्कलकोट रस्त्याच्या आत एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. तिची लांबलचक भिंत, भिंतीलगत सरळ रस्ता, वाहतूक जवळजवळ नाही. मी तिकडं फिरायला गेले होते. भिंतीसमोर रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली काका हाताची घडी घालून उभे. एका टोकाकडून त्यांची गाडी आली, अगदी सावकाश, आणि त्यांच्यासमोरून निघून गेली. आत काकू. काकू बुटक्या, गोल चेहऱ्याच्या. स्टिअरिंगच्या वर दिसायला खाली उशी घेऊन बसायच्या, त्यामुळं लांबून नुसता अंबाडा आणि त्यातली अबोली दिसायची. गाडी पुढं जाऊन पाण्याच्या टाकीशी वळली. काकांनी एक बोट वर केलं. गाडी परत आली, परत गेली. पुन्हा बोट.

मी जवळ जाऊन विचारलं, "काका, काही बिघडलंय का?"

"न्हाई. बघतोय."

"मग तुम्ही बसत का नाही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते शाळेत चुकीचं उत्तर दिलेल्या मुलीकडं बघावं तसं. "आत बसलं की गाडी दिसत न्हाई."

मग जणू माझ्यावर दया येऊन म्हणाले, "उभी असती तेव्हा ती भांडं असती बघा. पितळेचं म्हणा, मातीचं म्हणा. चालायला लागली की रेघ होती. आणि सकाळचं ऊन असलं तर उजेड तिच्या अंगावरनं चालतो. दिव्यापासनं निघतो, शेपटीला उतरतो. भिंत कोरी पाहिजे मागं. म्हणून हितं."

पुढचं काकूंनीच सांगितलं, स्वयंपाकघरात शेंगा कुटता कुटता. काकू प्रसूतिगृहातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, अर्धी बाळं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि आवाज तसाच, कुणालाही धीर देणारा. गाडी आली तेव्हा काकांनी शिकायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्याच दिवशी कन्ना चौकात कापडाच्या दुकानाच्या काचेत गाडीचं प्रतिबिंब दिसलं. काका ते बघत राहिले आणि केळ्यांच्या हातगाडीत घुसले.

"केळीवाला बोंबलायला लागला, लोक जमले, आणि हे काय म्हणाले माहितीय? 'काचेत किती छान वळली.' मी म्हटलं, उतरा खाली. त्या दिवसापासून मीच." मग काकूंनी आवाज उतरवला. "अक्कलकोटला लग्न असलं तर मी आणि आमचा मुलगा राजेश गाडीनं. आणि हे? हे आधीच्या एस्टीनं. पुढं जाऊन वेशीत उभं राहायचं, गाडी येताना बघायला. पाहुणे विचारायचे, भांडण झालंय का दोघांचं?"

"तुम्ही काही म्हणत नाही?"

"म्हणते की. एकदा तरी शेजारी बसा म्हणते. पुढच्या वेळी, म्हणतात." त्यांनी उखळातला कूट चमच्यानं सारखा केला. "आमच्या नान्नांनी, वडिलांनी, लग्न ठरवताना सांगितलं होतं, मुलगा नक्षी काढतो, डोळा चांगला आहे. खरं आहे. नुसता डोळाच आहे."

त्या हसल्या. मीही हसले. नंतर घरी येऊन चहा टाकताना मला त्या हसण्याचं काहीतरी खुपत राहिलं.

मुलगा राजेश हैदराबादला संगणकाच्या नोकरीत होता. दिवाळीला यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "डॅडी, काढून टाका आता." एकदा त्यानंच एका हॉटेलवाल्याला पत्ता दिला. सचिन त्याचं नाव, मूळचा सांगोल्याकडचा. पुणे रस्त्यावर मोठं हॉटेल काढत होता. गोड बोलणारा, उमदा मुलगा. मी तेव्हा काकूंकडं बसले होते.

"काका, हिचा पुडचा भाग कापायचा आन् भिंतीत बसवायचा. दिवे चालू ठिवू. लोकं फोटू काडत्याल. तुमचं नाव लावू खाली."

काकांनी शांतपणे विचारलं, "मटण मिळतं का तुमच्याकडं?"

"व्हय की! पेशल हाय."

"मग बोकडाचं मुंडकं लावा भिंतीवर. तेबी डोळे उघडे ठेवून बघतं."

सचिन पडलेल्या चेहऱ्यानं उठला, पण रागावला नाही. जाताना काकूंच्या पाया पडला. तो गेल्यावर काका गाडीजवळ जाऊन नुसते उभे राहिले. काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "माझ्याबद्दल कुणी असं बोललं असतं तर इतकं लागलं असतं का गं?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. त्यांनी ते ऐकलंही नसावं.

मे महिन्यातल्या एका दुपारी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. मी कचेरीत होते. सोलापूरचं ते ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, रिक्षा मिळेना. नशिबानं हुसेनभाई गाडीत पाणी भरायला आले होते. त्यांनी आणि काकांनी मिळून काकूंना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. काका आत बसले, काकूंचं डोकं मांडीवर घेऊन. गाडी सात रस्त्याजवळच्या दवाखान्याकडं निघाली. वाटेत काकूंनी डोळे उघडले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. हुसेनभाईंचं अख्खं आयुष्य पूर्व भागात गेलेलं, त्यांना तेलुगू कळतं. त्यांनी ते मला नंतर, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. सांगताना तोंड दुसरीकडं केलं होतं.

"'बैठे आखिर तुमे,' बोली. बस. इत्ताच बोली."

दोन दिवसांनी काकू गेल्या.

त्यानंतर काका गाडीकडं फिरकले नाहीत. राजेश दिवसकार्य उरकून गेला, नातेवाईक गेले, घरात एकटे काका राहिले. सकाळी मी कचेरीला निघताना ते ओट्यावर बसलेले असत. मी डबा द्यायचे; भाकरी, आमटी, कधी धपाटी. संध्याकाळी डबा धुतलेला, पुसलेला, फडक्यावर पालथा घातलेला मिळायचा. बोलणं एवढंच, "बरं होतं." ते दोन शब्द जेवणाबद्दल आहेत की आणखी कशाबद्दल, हेही नीट कळायचं नाही. पत्र्याखाली गाडीवर धूळ बसत गेली. गल्लीतल्या कुणीतरी तिच्या दारावर बोटानं बदामाचं चित्र काढलं. काकांनी ते पुसलं नाही. मला ते फार विचित्र वाटलं, कारण एरवी तिच्यावर चिमणी बसलेलीही त्यांना खपायची नाही.

मी आणि माझा नवरा रविवारी जेवायला बोलवायचो. येत, मान खाली घालून जेवत, जात. एकदा नवऱ्यानं सहज विषय काढावा म्हणून म्हटलं, "काका, गाडी चालू ठेवली पाहिजे, नाहीतर जाम होईल." काका म्हणाले, "होऊ दे."

थंडी पडायला लागली तेव्हा एका रविवारी सकाळी दार वाजलं. काका. दाढी केलेली, बुशशर्ट कडक इस्त्रीचा.

"मॅडम, मोठी गाडी चालवता येती का तुम्हाला?"

हुसेनभाईंनी तिला पुन्हा जिवंत केलं आणि मला शिकवलं. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. पहिले काही दिवस मी गिअर टाकायला जाऊन हॉर्नच वाजवायचे. "आस्ते मॅडम, उसको मारो नक्को, उसको बोलो," हुसेनभाई म्हणायचे. शेवटी एका रविवारी मी काकूंच्या उशीवर बसून गिरणीच्या भिंतीलगत गाडी नेली. काका कडुनिंबाखाली हाताची घडी घालून उभे होते. मी समोरून गेले, टाकीशी वळले. त्यांनी बोट वर केलं. मी परत आले.

दोन-तीन रविवार असेच गेले. काका गिरणीपर्यंत आधीच चालत जात आणि तसेच चालत परत येत. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं; उलट एवढं तरी आपल्या हातून होतंय, असं वाटायचं. मग एके दिवशी मी टाकीशी वळून बघते तर बोट वर नाही. काका खाली जमिनीकडं बघत होते. मी गाडी त्यांच्याजवळ आणून थांबवली.

"काय झालं काका?"

"दिसंना."

"डोळ्यांना त्रास होतोय का?"

"डोळे चांगले हायत." ते भिंतीकडं बघत राहिले. "गाडी जाती. पण नुसती गाडी जाती. रेघ न्हाई होत."

मी उतरून त्यांच्याशेजारी उभी राहिले. इंजिन चालूच होतं. ते आपणहून बोलू लागले, आणि तेव्हा प्रथमच ते मला मॅडम न म्हणता, तेलुगू घरात मुलीला म्हणतात तसं, अम्मा म्हणाले.

"अम्मा, एवढी वर्षं ती आत आन् मी बाहेर. ती एकटी चालवायची. तिकडं वळायची, हिकडं वळायची, मी बोट वर करायचा. मला वाटायचं, दोघं मिळून काहीतरी करतोय. पण तिला काय दिसत होतं? समोर रस्ता आन् बॉनेटचा तुकडा. गाडी तिनं कधी बघितलीच न्हाई. मी तिला एकदाबी म्हटलं न्हाई की, तू हितं उभी राहा. कोण चालवणार होतं म्हणा. पण म्हटलं न्हाई. आन् शेवटी बसलो, तेव्हा गाडी कसली होती तेबी आठवत न्हाई मला. तिचं कपाळ तेवढं आठवतं."

हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं. एरवी ते सलग इतकं बोलायचे ते फक्त गाडीबद्दल.

मी म्हटलं, "काका, एक सांगू? आतून काहीच दिसत नाही असं नाही. तुम्ही दिसता."

"कुटं?"

"आरशात. तुमच्यासमोरून पुढं गेले की तुम्ही आरशात येता. टाकीशी वळेपर्यंत असता."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला आणि माझ्याकडं पाहिलं. "मी?"

"तुम्ही. मागं झाड, मागं आकाश."

"पूर्ण दिसतो?"

"डोक्यापासून पायापर्यंत. लहान लहान होत जाता, पण दिसता."

ते स्वतःच्या चपलांकडं बघू लागले. मग म्हणाले, "एकदा घरी आल्यावर म्हणाली होती, चप्पलचा अंगठा तुटलाय तुमचा, नवीन घ्या. मी म्हटलं, तुला गं कसं कळलं, तू तर लांब होतीस? नुसती हसली. एकदा म्हणाली, आज फार थकल्यासारखे उभे होता. मी म्हटलं, काहीतरी बोलू नको." त्यांनी गाडीतल्या आरशाकडं पाहिलं. "ती बघत असंल का?"

"दुसरं बघण्यासारखं काय आहे काका या रस्त्यावर?"

काका गाडीकडं गेले. चालकाच्या बाजूचं दार त्यांनी उघडलं, वाकले, आणि उशीवर बसले. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मी घाईनं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. त्यांनी आरसा हातानं थोडा इकडं तिकडं केला.

"तुम्ही जरा तितं उभ्या राहा. झाडाखाली."

मी मागं जाऊन उभी राहिले. ते आत, माझ्याकडं पाठ करून. त्यांचं पांढरं डोकं मागच्या काचेतून दिसत होतं. सकाळचं ऊन भिंतीवरून गाडीवर आलं होतं, आणि मला पहिल्यांदाच ती गाडी त्यांच्या जागेवरून दिसत होती. टपावरून खाली येणारा उतार, मागच्या चाकावर चढलेला बाक, आणि त्यावर साचलेला उजेड. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक दूधवाला मोटरसायकलवरून गेला, वळून वळून बघत गेला. काका उतरले तेव्हा त्यांनी शर्टाच्या टोकानं आरसा पुसला होता. टोक मळलं होतं.

"लहान दिसतं," ते म्हणाले. "पण दिसतं."

त्यानंतर ते झाडाखाली उभे राहिले नाहीत. रविवारी माझ्या शेजारी बसायचे. आम्ही गिरणीच्या भिंतीवरून पुढं, कधी कुंभारीपर्यंत, कधी बोरामणीकडं जायचो. ते गाडीबद्दल काही बोलत नसत. काकूंबद्दल बोलायचे, तेही थोडंच. बाळंतपणाच्या वेळी बायका काकूंचा हात इतका घट्ट धरायच्या की बांगड्या फुटायच्या, म्हणून काकूंनी बांगड्या घालणं सोडलं होतं. इतक्या वर्षांत ते मला माहीत नव्हतं. बोलता बोलता ते खिडकीबाहेर बघायचे. बाहेर ज्वारीची रानं, पाण्याचा टँकर, एखादं मेंढ्यांचं खांड. एकदा म्हणाले, "हे सगळं तिला दिसत होतं तर." आवाजात हेवा होता की पश्चात्ताप, मला ओळखू आलं नाही.

पुढच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण राजेशनं या वेळी ऐकलं नाही. हैदराबादला न्यायचं ठरलं. घर बंद होणार, मग गाडीचं काय? बार्शीचे एक निवृत्त डॉक्टर जुन्या गाड्या सांभाळायचे. आम्ही त्यांची शेड बघून आलो. गाड्या लखलखीत, देखणं काम. काका शेडमध्ये दोन पावलं मागं सरकले आणि त्यांची पाठ दुसऱ्या गाडीला लागली. येताना म्हणाले, "माणूस सज्जन हाय. पण हितं मागं सरकायला जागा न्हाई."

दोन दिवसांनी त्यांनी सचिनला बोलावून घेतलं. राजेश चकित झाला, मीही. सचिन आला तो दारातच म्हणाला, "काका, कापायचं नाव काडत न्हाई. त्या येळचं इसरा."

"कुटं उभी करणार?"

"गेटच्या आत. मोकळ्यात. वर पत्रा टाकतो."

"सगळीकडनं फिरता आलं पाहिजे."

"येईल की."

"पोरं चढतील."

सचिन खाली बघत म्हणाला, "चडतील काका. खोटं कशाला सांगू?"

काकांनी मान हलवली. "चढू दे. ती आता चालणार न्हाई. तर मग बघणाऱ्यानं चालावं तिच्याभोवती."

गाडी गेली, पाठोपाठ काकाही हैदराबादला गेले. शेजारच्या घराला कुलूप लागलं. मी संध्याकाळी घरी यायचे, डबा धुऊन ठेवायचे, आणि कधी कधी सवयीनं दोन माणसांच्या भाकरी थापायचे.

काही महिन्यांनी कचेरीच्या प्रशिक्षणासाठी मला हैदराबादला जावं लागलं. परतायच्या दिवशी दुपारी मी काकांना भेटायला गेले. शहराबाहेर नव्या इमारतींचा मोठा समूह, राजेशचं घर खूप वर. सूनबाई अगत्यशील, तिनं मुगाचा डोसा, पेसरट्टू, करून वाढला. काका बारीक झाले होते, पण बुशशर्ट तसाच कडक. मला घेऊन ते गॅलरीत गेले. खाली रुंद रस्ता, त्यावर गाड्यांची न संपणारी रांग.

"वरनं सगळ्या सारख्याच दिसतात," ते म्हणाले. "नुसते डबे. तुम्ही गेला होता का तिकडं, हॉटेलात?"

"गेले होते. चांगली ठेवलीय. एक छोटी मुलगी तिच्या अंगावरून हात फिरवत सगळीकडनं फिरत होती."

"पुढनं मागं का मागनं पुढं?"

मला आठवेना. "पुढून मागं," मी म्हटलं.

"ऊन कुठलं होतं?"

"संध्याकाळचं."

"मग बरं," ते म्हणाले, आणि पुढं काही विचारलं नाही.

माझी टॅक्सी तळघरातल्या पार्किंगमध्ये आली होती. काका मला सोडायला लिफ्टनं खाली आले. तिथं ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आणि राखाडी कव्हरं घातलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा. ते टॅक्सीत डोकावून म्हणाले, "जपून जावा अम्मा. तुम्ही निघा, मी जरा थांबतो हितंच."

टॅक्सी वर चढायच्या रस्त्याशी थांबली. पहारेकरी चालकाला काहीतरी विचारत होता. मी मान वळवून पाहिलं. काका लिफ्टकडं गेलेच नव्हते. ते एका गाडीपाशी उभे होते. त्यांनी कव्हराची कड दोन्ही हातांनी धरून गुडघ्याएवढी वर उचलली, वाकून आत पाहिलं, थोडा वेळ तसेच राहिले. मग कव्हर खाली सोडलं, त्याची चुणी हातानं सारखी केली, आणि पुढच्या गाडीकडं गेले.